गीता ९.१४ : हातात राहिलेला सूर



आजच्या श्लोकात भगवंत सतत कीर्तन करणाऱ्या, व्रत न सोडणाऱ्या भक्तांबद्दल बोलतात. मन लागेल तेव्हाच कीर्तन, असं माझं सोयीचं गणित होतं. मग आर्न चॉर्न-पाँडबद्दल वाचलं.

१९७५ ते १९७९, ख्मेर रूजच्या राजवटीत कंबोडियात १५ लाखांहून जास्त माणसं मारली गेली, उपासमारीने गेली. आर्न तेव्हा लहान मुलगा. छावणीत त्याला बासरी आणि खिम (संतूरसारखं वाद्य) शिकायला लावलं. वाजवायची मारेकऱ्यांचीच गाणी! वाजवता येतं म्हणून जिवंत ठेवला. यात भक्ती कुठे शोधायची? खरं सांगू, मला संगीताचाच राग आला.

पण छावणीत शिकवणारे मेक गुरुजी होते. गाणी जुलमाची, हातात बसलेला सूर मात्र गुरुजींचा. मोठेपणी आर्न परत गेला, त्यांना शोधून काढलं. वाचलेल्या मोजक्या कलावंतांनी मुलांना शिकवावं म्हणून १९९८मध्ये संस्था उभी केली.

अमळनेरला माझे आजोबा मृदंग वाजवतात. दहावीत मी शिकणं सोडलं, 'वेळ नाही' म्हणून. शनिवारी गावी जातोय. मृदंगाला लावायला कणीक मळून ठेवा, असं फोनवर सांगितलंय.