वेदना आणि सोबत

पावा नगरीतील मल्लांनी नवे संथागार बांधले, तेव्हा त्याचा प्रथम वापर भगवान बुद्धांनी करावा अशी विनंती त्यांनी केली. त्या रात्री भगवंतांनी मल्लांना बराच वेळ उपदेश केला. मल्ल निघून गेले. भिक्खुसंघ मात्र जागाच होता. तेव्हा भगवंत सारिपुत्तांना म्हणाले की, माझी पाठ दुखते आहे, मी ती जरा टेकतो. भिक्खूंना धम्म तुम्ही सांगा. संघाटी चौपदरी अंथरून ते उजव्या कुशीवर पहुडले. सारिपुत्तांचे प्रवचन संपल्यावर त्यांनी उठून साधुवाद दिला. दीघनिकायातील संगीतिसुत्तात हा प्रसंग आला आहे. आम्ही तो वर्गात अनेकदा शिकवला. त्यातील पाठदुखीकडे मात्र आमचे लक्ष फार उशिरा गेले.

ते वेधले आमच्याच वसतिगृहातील नववीच्या एका विद्यार्थ्याने. काल मैदानात कबड्डी खेळणारा हा मुलगा थंडीच्या पहाटे श्रमदानाला येईना. पाय दुखतात म्हणून पांघरुणात पडून राही. ‘काल तर धावत होतास,’ असे आम्ही म्हणालो. मित्रांनी त्याला कामचुकार ठरवले. पुढे त्याने दुखण्याविषयी बोलणेच सोडले आणि हळूहळू मित्रांच्या पंगतीत बसणेही सोडले. तपासणीत सिकलसेल आजार निघाला, तेव्हा आम्हांस आमची चूक उमगली. हाडांतील कळ आम्ही दिलेली नव्हती. त्याचे एकटेपण मात्र आमच्या अविश्वासातून आले होते.

विदर्भात हा आजार आदिवासी समाजांत तसाच आपल्या बौद्ध समाजातही मोठ्या प्रमाणावर आढळतो. तो आनुवंशिक आहे. संसर्गाने पसरत नाही. यात रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे, छाती किंवा पोटात तीव्र कळा येतात. थंडी, अतिश्रम, शरीरातील पाणी कमी होणे व जंतुसंसर्ग यांमुळे या कळा उद्भवू शकतात. दोन झटक्यांच्या मधल्या काळात रुग्ण अनेकदा निरोगी दिसतो, आणि म्हणूनच लोकांना त्याचे दुखणे खोटे वाटते. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुनःपुन्हा उलटणाऱ्या वेदनेला वैद्यकशास्त्र दीर्घकालीन वेदना म्हणते. संधिवात, कंबरदुखी, मज्जातंतूंचे विकार असलेल्यांचाही अनुभव याहून फारसा वेगळा नसतो.

अशा माणसाने नाती कशी जपावीत? पावा येथील प्रसंगात आम्हांस त्याचे उत्तर दिसते. भगवंतांनी दुखणे लपवले नाही आणि वाढवूनही सांगितले नाही. नेमके काय दुखते, आपण काय करणार आणि दुसऱ्याने काय करावे, एवढे त्यांनी सांगितले. ते सभेतच राहिले. रुग्णानेही असेच बोलावे. ‘मला बरे नाही’ एवढ्याने ऐकणारा गोंधळतो. ‘आज चालवत नाही, तू घरी येऊन तासभर बसशील का?’ असे म्हटल्यास त्याला वाट सापडते. कार्यक्रमास पूर्ण वेळ थांबणे जमणार नसेल, तर तसे आधीच कळवून अर्धा तास जावे. बरे असलेल्या दिवशी आपणहून मित्राची विचारपूस करावी. कारण त्यालाही त्याची दुःखे असतात.

सोबत्यांचे कर्तव्य याहून मोठे आहे. चार वेळा नकार आला तरी पाचव्यांदा बोलावणे धाडावे. दुखण्याचा पुरावा मागू नये. भेटीत औषधांच्या सल्ल्यांचीच सरबत्ती करू नये. सिकलसेलच्या रुग्णाला ताप, छातीत दुखणे किंवा धाप लागणे अशी लक्षणे दिसल्यास मात्र विचारविनिमयात वेळ न घालवता रुग्णालयात न्यावे. पालकांनी विवाहाच्या भीतीने मुलामुलींचा आजार झाकू नये. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. म्हणून विवाहापूर्वीची रक्ततपासणी हीच खरी काळजी होय.

त्या विद्यार्थ्याला आम्ही पुढे विचारले, ‘तुला आमच्याकडून काय हवे?’ तो म्हणाला, ‘सर, दुखत असेल तेव्हा मुलांनी माझ्या खाटेजवळ बसून अभ्यास करावा. मी बोललो नाही तरी चालेल.’ त्या संध्याकाळपासून अभ्यासाची सतरंजी त्याच्या खाटेशेजारी अंथरली जाऊ लागली. श्रमदानाच्या वेळी हजेरीची वही त्याच्याकडे आली. कळा थांबल्या नाहीत. पण तो पुन्हा पंगतीत बसू लागला.

माजी विद्यार्थ्यांनो, आपल्या वर्गातील जो मित्र अलीकडे मेळाव्यांना येईनासा झाला आहे, त्याच्या घरी एकदा जाऊन यावे, एवढीच आमची विनंती आहे.