तापदीप्त दिव्याचा तंतू : उजेड आणि आयुष्य यांचा हिशेब

तळवली हे ठाणे-बेलापूर मार्गालगतचे जुने गावठाण होय. नवी मुंबई ज्या ९५ गावांच्या भूमीवर वसविण्यात आली, त्यांपैकी हे एक. भातशेती आणि खाडी यांच्या आधाराने जगणाऱ्या या पट्ट्यात १९६० नंतर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे कारखाने आले, १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि १९९२ पासून महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला. घासलेटच्या चिमणीपासून एलईडी दिव्यापर्यंतचा सारा प्रवास अशा गावांतील वडीलधाऱ्या पिढीने एका आयुष्यात पाहिला आहे. या प्रवासातील मधला आणि सर्वांत दीर्घ टप्पा म्हणजे काचेच्या गोळ्यातील तापलेल्या तारेचा दिवा. घरांतून तो आता जवळजवळ हद्दपार झाला असला, तरी शाळेत वीज शिकविताना प्रथम त्याचीच आकृती फळ्यावर काढली जाते. त्यातील केसासारखी तार वरकरणी साधी दिसते; परंतु तिला तिचे रूप प्राप्त होण्यास सुमारे पन्नास वर्षे लागली. ती का लागली हे समजून घेतल्यास दिव्यांची खरेदी करणाऱ्या ग्रामपंचायतीलाही काही उपयोगी हिशेब हाती लागतात.

कोणताही पदार्थ पुरेसा तापविला की तो प्रकाश देतो. प्रथम मंद लाल, मग नारिंगी, मग पिवळसर पांढरा. तापमान थोडे वाढविले तरी उजेड पुष्कळ वाढतो. अडचण अशी की, तापमानाबरोबर त्या पदार्थाचे बाष्पीभवनही झपाट्याने वाढते आणि तंतू झिजून तुटतो. म्हणजे उजेड हवा असेल तर आयुष्य कमी आणि आयुष्य हवे असेल तर उजेड कमी. तंतूच्या सुधारणेचा इतिहास हा या एकाच ओढाताणीचा इतिहास आहे.

कार्बनचा काळ

विजेच्या दिव्याचा शोध एडिसनने लावला, असे एका वाक्यात सांगण्याची प्रथा आहे. ती मुलांच्या सोयीची असली तरी पुरेशी खरी नाही. इंग्लंडमध्ये जोसेफ स्वान याने १८६० च्या सुमारासच कार्बनच्या कागदी पट्टीवर प्रयोग केले होते. परंतु गोळ्यातील हवा पुरेशी काढता येत नव्हती आणि उरलेल्या प्राणवायूत कार्बन जळून जात असे. १८६५ साली स्प्रेंगेलचा पारा-पंप आल्यानंतर चांगली निर्वात पोकळी मिळू लागली व दिवा शक्य कोटीत आला. स्वानने १८७९ च्या प्रारंभी न्यूकॅसल येथे आपला दिवा जाहीरपणे दाखविला. एडिसनचा कार्बनीकृत सुती दोऱ्याचा दिवा त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये सुमारे साडेतेरा तास जळला.

एडिसनचे खरे वैशिष्ट्य तंतूच्या पदार्थात नसून त्याच्या रोधात होते. इतरांचे तंतू जाड आणि कमी रोधाचे होते. शंभर वॅटच्या दिव्याचा रोध एक ओहम असेल, तर त्यास दहा अँपिअर प्रवाह लागतो; रोध शंभर ओहम असेल, तर एकच अँपिअर पुरतो. तारेत उष्णतेच्या रूपाने होणारी गळती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने, त्याच तारेतून दुसऱ्या दिव्यासाठी होणारी गळती शंभरपटीने कमी होते. जाड तंतू वापरून नगराला वीज पुरवायची तर तांब्याचाच खर्च डोईजड झाला असता. बारीक, लांब आणि उच्च रोधाचा तंतू ही कल्पना दिव्यापेक्षा वीजपुरवठ्याच्या अर्थशास्त्रातून आली, हे वर्गात अवश्य सांगितले पाहिजे.

१८८० साली एडिसनने बांबूचा तंतू स्वीकारला. जपानमधील क्योटोजवळच्या बांबूपासून केलेले तंतू हजार तासांहून अधिक टिकले. पण निसर्गातील धागा सर्वत्र सारख्या जाडीचा नसतो, आणि जेथे तो बारीक तेथे रोध अधिक, तापमान अधिक, झीजही अधिक; शेवटी तो तेथेच तुटतो. यावर सॉयर आणि मॅन या अमेरिकन जोडीने मोठी सुरेख युक्ती काढली होती. हायड्रोकार्बन वायूच्या वातावरणात तंतू तापविला असता वायूचे विघटन होऊन त्यातील कार्बन तंतूवर बसतो, आणि जो भाग अधिक तापलेला असतो तेथे तो अधिक बसतो. अशा रीतीने तंतूचे दुबळे भाग आपोआप भरून निघत. स्वानने पुढे विरघळविलेला सेल्युलोज बारीक छिद्रातून शेवयांप्रमाणे दाबून काढला व एकसारख्या जाडीचा धागा मिळविला. गुलामीतून निसटून आलेल्या माता-पित्यांच्या पोटी जन्मलेल्या लुईस लॅटिमर या कृष्णवर्णीय आरेखकाने १८८२ मध्ये कार्बन तंतू भाजण्याच्या सुधारित पद्धतीचे पेटंट घेतले. शालेय पुस्तकांत त्याचे नाव क्वचितच आढळते.

मुंबईतील क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे लागले ते याच वर्षी, १८८२ मध्ये. पुरवठा करणारी कंपनी लवकरच बुडाली आणि मंडईत पुन्हा गॅसचे दिवे आले. त्या काळी विजेला गॅसशी स्पर्धा करणे किती कठीण होते, हे यावरून दिसते. आरंभीचा कार्बन दिवा एका वॅटमागे जेमतेम दीड ल्युमेन आणि पुढे सुधारलेला दिवा सुमारे तीन ल्युमेन प्रकाश देई.

धातूंचा शोध

कार्बन वितळत नाही हा त्याचा गुण. परंतु तो सुमारे १,८०० अंश सेल्सिअसच्या पुढे लवकर उडून जातो, हा त्याचा दोष. म्हणून उच्च वितळबिंदूच्या धातूंचा शोध सुरू झाला. ऑस्ट्रियातील कार्ल आउअर फॉन वेल्सबाख याने ऑस्मियमचा तंतू केला व १९०२ मध्ये तो बाजारात आला. लग्नाच्या वरातीत आणि तमाशाच्या फडात ज्या गॅसबत्तीचा लखलखाट असे, तिच्या जाळीचा, म्हणजे मॅन्टलचा, जनकही हाच. विजेच्या दिव्याला मागे टाकणारी जाळी आणि गॅसला मागे टाकणारा तंतू, दोन्ही एकाच माणसाच्या हातून घडली. ऑस्मियम मात्र दुर्मिळ, महाग आणि ठिसूळ.

त्यानंतरचा धातू टँटलम. बर्लिनच्या सीमेन्स कंपनीतील फॉन बोल्टन आणि फॉयरलाइन यांनी त्याची तार ओढण्यात यश मिळविले व १९०५ मध्ये दिवे विक्रीस आले. (तळवलीहून ठाण्याकडे जाताना याच मार्गावर सीमेन्सचा कळवा येथील कारखाना लागतो.) टँटलमचा रोध कमी असल्याने अर्धा मीटरहून अधिक लांबीची तार गोळ्यात नागमोडी गुंडाळावी लागे आणि प्रत्यावर्ती प्रवाहावर ती लवकर तुटे.

अखेर टंगस्टन निवडले गेले. त्याचा वितळबिंदू ३,४२२ अंश सेल्सिअस, म्हणजे सर्व धातूंत उच्च. महाराष्ट्रात नागपूर जिल्ह्यातील कुही-खोबना-आगरगाव पट्ट्यात या धातूची खनिजे आढळतात. युस्ट आणि हानामान यांनी १९०४ मध्ये त्याच्या तंतूचे पेटंट घेतले. परंतु भुकटी व चिकट द्रव्य यांच्या मिश्रणातून केलेला तो तंतू हलक्याशा धक्क्यानेही मोडे. टंगस्टनची तार ओढताच येणार नाही, असे बहुतेकांचे मत झाले होते. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत विल्यम कूलिज याने काही वर्षे खटपट करून १९१० च्या सुमारास हे मत खोटे ठरविले. दाबून घट्ट केलेली भुकटी तापवून, तप्त स्थितीत पुनःपुन्हा ठोकून आणि शेवटी हिऱ्याच्या छिद्रांतून ओढून त्याने लवचीक तार मिळविली. सामान्यतः धातू ठोकल्याने कडक व ठिसूळ होतात, टंगस्टन मात्र योग्य तापमानाला ठोकल्याने लवचीक होते. १२० व्होल्टच्या ६० वॅट दिव्यातील तार मिलिमीटरच्या विसाव्या भागाहूनही बारीक आणि सुमारे ५८ सेंटिमीटर लांब असते. तापल्यावर ती लोंबू नये म्हणून आलादार पाच याने १९१७ मध्ये मूळ भुकटीत पोटॅशियम व सिलिकॉनची संयुगे अल्प प्रमाणात मिसळण्याची रीत काढली.

काळवंडणारा गोळा

नव्या दिव्याचे गोळे आतून काळे पडत. निर्वात पोकळी अपुरी असल्याने असे होते, असा सर्वांचा समज होता. अर्व्हिंग लँगम्यूर याने नेमके उलट केले : गोळ्यात हेतुपुरस्सर निरनिराळे वायू सोडून पाहिले. त्यास आढळले की पाण्याची वाफ खरोखर घातक आहे. पण मुख्य कारण टंगस्टनचे बाष्पीभवन हेच आहे. मग त्याने नायट्रोजनसारखा निष्क्रिय वायू भरला. वायूचे रेणू उडणाऱ्या टंगस्टनच्या अणूंना पुन्हा तंतूकडे ढकलतात आणि झीज मंदावते. परंतु वायू तंतूची उष्णताही वाहून नेतो. येथे लँगम्यूरचे निरीक्षण कामी आले : तप्त तारेभोवती वायूचा एक स्थिर थर असतो आणि उष्णतेची हानी तारेच्या जाडीवर फारशी अवलंबून नसून लांबीवर अधिक अवलंबून असते. तेव्हा बारीक तार स्प्रिंगप्रमाणे गुंडाळली, तर वायूच्या दृष्टीने ती एक आखूड, जाड कांडीच होते. १९१३ च्या या सुधारणेने मोठ्या दिव्यांत तोच उजेड सुमारे निम्म्या विजेत मिळू लागला. पुढे नायट्रोजनबरोबर आरगॉन आला आणि १९३० नंतर गुंडाळलेल्या तारेलाच पुन्हा गुंडाळण्याची पद्धत रूढ झाली.

हजार तासांचा प्रश्न

१९२४ साली जिनिव्हा येथे मोठ्या दिवा कंपन्यांनी संगनमत करून दिव्याचे आयुष्य हजार तासांवर आणले आणि ज्या कारखान्याचा दिवा अधिक टिके त्यास दंड ठेवला. विक्री वाढविणे हा हेतू उघड होता व तो निंद्यच होय. तरीही हजार तासांचा आकडा तांत्रिकदृष्ट्या अगदीच निराधार नव्हता, कारण दीर्घायुषी दिवा म्हणजे थंड तंतू आणि थंड तंतू म्हणजे विजेचा अपव्यय.

याचा प्रत्यय ग्रामीण भागात अनेकांनी घेतला आहे. वाहिनीच्या टोकाला असलेल्या वाडीत दिवे मिणमिणत, पण वर्षानुवर्षे टिकत. २३० व्होल्टऐवजी २०७ व्होल्ट दाब मिळाल्यास दिव्याचे आयुष्य जवळजवळ चौपट होते. वीज सुमारे १५ टक्के कमी लागते, परंतु उजेड मात्र ३० टक्क्यांनी घटतो. उलट, दाब पाच टक्के वाढला तर आयुष्य जवळपास निम्मे होते. साठ वॅटचा दिवा हजार तासांत ६० युनिट वीज घेतो आणि त्यातील सुमारे पाच टक्केच दृश्य प्रकाशात उतरते. तेवढाच उजेड देणारा नऊ वॅटचा एलईडी दिवा ९ युनिट घेतो. दिव्याच्या वेष्टनावर वॅट आणि ल्युमेन दोन्ही छापलेले असतात. निविदा तपासताना केवळ किंमत आणि हमीचा काळ न पाहता ल्युमेनला वॅटने भागून पाहावे. २०१५ साली केंद्र शासनाच्या उजाला योजनेतून एलईडीचा जो प्रसार झाला, त्यामागे हाच भागाकार होता. उरलेली ९५ टक्के उष्णता जेथे वाया जात नाही, अशा कुक्कुटपालनाच्या शेडमध्ये पिलांना ऊब देण्यासाठी जुना दिवा उपयोगी पडतो.

शिक्षकांना जुन्या, पारदर्शक काचेच्या निकामी दिव्यावरून पुष्कळ दाखविता येईल. भिंगातून पाहिल्यास तारेची गुंडाळी आणि तुटल्याची जागा स्पष्ट दिसते. गोळ्याच्या काचेवरील करडा डाग हे उडून गेलेले टंगस्टन होय. दिवा बहुधा कळ दाबताक्षणीच का जातो, हा प्रश्न मुले हमखास विचारतात. साठ वॅटच्या तप्त तंतूचा रोध सुमारे ८८० ओहम असतो. थंड असताना तो याच्या सुमारे पंधराव्या हिश्श्याइतकाच असतो. त्यामुळे पहिल्या क्षणी कित्येक पट प्रवाह धावतो आणि झिजून बारीक झालेली जागा इतर तारेच्या आधी वितळते. चालू स्थितीतील दिवा उपलब्ध असल्यास तो मंडळात न जोडता मापकाने त्याचा थंड रोध मोजावा आणि वॅट व व्होल्ट यांवरून काढलेल्या तप्त रोधाशी त्याची तुलना विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावी.