एकवीस पत्त्यांचा पाठ

वसतिगृहात पत्त्यांचा जोड दिसला की पालकांच्या कपाळाला आठ्या पडतात. त्यांची भीती अनाठायी नाही. पत्त्यांमागून पैसा आला की खेळाचा जुगार होतो. परंतु याच पत्त्यांत गणिताचा व विवेकाचा एक पाठ दडलेला आहे, असे आम्हांस वाटते. पुण्याला हा विषय परका नाही. जादूगार रघुवीर आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी या शहराचे नाव जादूच्या क्षेत्रात नेले. आम्ही सांगत आहोत तो प्रयोग मात्र रंगमंचावरचा नव्हे. लग्नघरी, रेल्वेच्या डब्यात वा पाहुण्यांच्या घोळक्यात समोरच्याचाच जोड मागून घेऊन तो करावयाचा आहे.

पिसलेल्या जोडातील कोणतेही २१ पत्ते घ्यावेत. डावीकडून उजवीकडे एकेक सुलटा पत्ता ठेवीत, सात-सात पत्त्यांच्या तीन उभ्या ओळी मांडाव्यात. प्रेक्षकाने मनात एक पत्ता धरावा व केवळ त्याची ओळ सांगावी. ती ओळ इतर दोन ओळींच्या मध्ये ठेवून पत्ते गोळा करावेत. ओळीतील क्रम बिघडू देऊ नये. हीच कृती आणखी दोनदा करावी. तिसऱ्यांदा गोळा केलेल्या गठ्ठ्यात मनातला पत्ता अकरावा असतो.

असे का होते? पहिल्या उत्तराने २१ पैकी ७ शक्यता उरतात व त्या गठ्ठ्यात ८ ते १४ या स्थानांवर येतात. दुसऱ्या उत्तरानंतर फार तर ३ उरतात, तेही १० ते १२ या स्थानांवर. तिसऱ्या मांडणीत हे पत्ते प्रत्येक ओळीत चौथ्या जागी, एकेक असे बसतात. म्हणून तिसरे उत्तर येताच त्या ओळीतील चौथा पत्ता आपल्याला कळून चुकलेला असतो. ११ हे २१ चे मध्य असल्याने गठ्ठा वरून मोजला काय किंवा खालून मोजला काय, फरक पडत नाही.

मोजणी ओठांवर येऊ देऊ नये, गप्पा चालू ठेवाव्यात. त्याच मंडळींसमोर प्रयोग लगेच पुन्हा करू नये. आणि पैज कधीही लावू नये.

शेवटी कोणी विचारलेच, तर ‘ही युक्ती आहे, शक्ती नव्हे’ असे स्पष्ट सांगावे. या एका वाक्यात जादूगार आणि भोंदू यांच्यातील अंतर सामावलेले आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते बाबाबुवांचे ‘चमत्कार’ स्वतः करून दाखवीत आणि लगेच त्यामागची कृती उलगडून सांगत. २० ऑगस्ट २०१३ रोजी याच पुण्यात डॉक्टरांची हत्या झाली. त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. चमत्काराच्या नावाखाली लोकांना फसवून पैसा मिळविणे आता गुन्हा आहे.

दीघनिकायातील केवट्टसुत्तात तथागतांनी हेच निराळ्या प्रकारे सांगितले आहे. ऋद्धीचे प्रदर्शन पाहून संशयी मनुष्य ‘ही तर गांधारी नावाची विद्या’ असे म्हणेल. म्हणून त्यांनी चमत्कारापेक्षा उपदेशाला श्रेष्ठ मानले.

ज्या मुलाने अकराव्या पत्त्याचे कारण स्वतः शोधले, तो उद्या कोणाच्याही हातातली विभूती पाहून हात जोडण्याआधी ‘हे कसे झाले?’ असे विचारील. आमच्या मते, पत्त्यांचा एवढा उपयोग झाला तरी पुष्कळ आहे.