गुग्गुळाचे झुडूप

त्रिफळा गुग्गुळ, योगराज गुग्गुळ ही औषधांची नावे घरोघरी परिचित आहेत. परंतु ज्याचा हा डिंक, ते झुडूप फारच थोड्यांच्या पाहण्यात असते. विदर्भ व तेलंगणातील डोंगरांवर आढळणाऱ्या साळईच्या कुळातीलच ही काटेरी वनस्पती कच्छ, सौराष्ट्र व राजस्थान येथील कोरड्या, खडकाळ भूमीवर वाढते. उंची २ ते ३ मीटर असते. सालीचे कागदासारखे पापुद्रे सुटतात आणि वर्षाचा बराच काळ ती निष्पर्णच असते.

डिंक काढण्याजोगे होण्यास झुडपाला ८ ते १० वर्षे लागतात. हिवाळ्यात सालीला खाच पाडली, की उन्हाळ्यापर्यंत डिंक पाझरत राहतो. ही खाच सालीपुरतीच असावी. आतील लाकडास इजा होऊ नये. प्रत्यक्षात अधिक डिंकाच्या हव्यासाने खोल घाव घालून त्यावर जनावराचे मूत्र व मोरचूद यांचा लेप देण्याची रीत काही भागांत पडली. त्या हंगामात डिंक भरपूर मिळतो आणि झुडूप वाळून जाते. दहा वर्षांची वाढ अशा रीतीने एका उन्हाळ्यात संपविणे हा व्यवहारही नव्हे! २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने गुग्गुळाची नोंद अतिसंकटग्रस्त वनस्पतींत केली.

बियांपासून रोपे कमीच मिळतात. म्हणून बोटाएवढ्या जाडीचे, वीतभर लांबीचे फांद्यांचे छाट पावसाळ्याच्या आरंभी निचऱ्याच्या जमिनीत लावावेत. मुळांशी पाणी साचल्यास ते कुजतात.