मोटारीचा विमा

आता आपल्या गावातही पुष्कळांच्या दारी मोटार उभी दिसते. मोटार आली, की विम्याचा हप्ता आला. “गाडी तर आपण जपून चालवतो. मग एवढे पैसे कशाला भरायचे?” असे आपण म्हणतो. तर हे पैसे कशाचे, ते पाहू.

या विम्याचे मुख्य भाग दोन.

पहिला भाग तिऱ्हाइताचा. याला थर्ड पार्टी विमा म्हणतात. आपल्या गाडीने कोणी जखमी झाला किंवा दगावला, तर भरपाई द्यावी लागते. ती लाखांच्या घरात जाते. विमा असला, तर कंपनी भरते. नसला, तर आपल्यावर जमीन विकायची पाळी येते. आणि त्या माणसाच्या मुलाबाळांचेही हाल होतात. म्हणून १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे हा विमा सक्तीचा आहे. तो नसताना गाडी चालवली, तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. याचा दर सरकार ठरवते. इथे काटकसर नाही.

दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीचा. अपघात, चोरी, आग, पूर यांत गाडीचे नुकसान झाले, तर हा उपयोगी पडतो. गाडी नवी असेल, तर हा जरूर घ्यावा. फार जुनी असेल, तर तिची किंमत किती आणि हप्ता किती, याचा मेळ घालून ठरवावे.

पैसे वाचतात ते या दुसऱ्या भागात. कसे?

एक : कंपन्यांचे दर सारखे नसतात. दोन-तीन ठिकाणी विचारावे.

दोन : वर्षभर भरपाई मागितली नाही, तर पुढच्या वर्षी २० टक्के सूट मिळते. ओळीने ५ वर्षे मागितली नाही, तर ती ५० टक्के होते. समजा, या भागाचा हप्ता ६,००० रुपये आहे. म्हणजे पहिली सूट १,२०० रुपये. गाडीला थोडे खरचटले. दुरुस्तीला १,५०० रुपये लागले. त्यांतले पहिले १,००० रुपये लहान गाडीच्या मालकाने स्वतःच सोसायचे असतात. कंपनीकडून मिळाले ५००, आणि सूट गेली १,२०० ची! हा व्यवहार तोट्याचा.

तीन : मुदत संपण्यापूर्वीच हप्ता भरावा. मुदतीनंतर ९० दिवस उलटले, की साठलेली सूट जाते.

एक काटकसर मात्र करू नये. हप्ता कमी व्हावा म्हणून काही जण गाडीची किंमत कमी लिहवतात. गाडी चोरीला गेली, की भरपाईही तेवढीच कमी मिळते.

विम्याचा कागद इंग्रजीत असला, तर जाणत्या माणसाकडून समजून घ्यावा. आपले नाव, गाडीचा नंबर, किंमत आणि मुदत स्वतः तपासावी. मगच पैसे द्यावेत.

हिशेब करा : एका मोटारीच्या दुसऱ्या भागाचा हप्ता ८,००० रुपये आहे. मालकाने ओळीने ५ वर्षे भरपाई मागितली नाही. त्याला किती रुपये सूट मिळेल?