फायली उघडणाऱ्या मॅक्रोबद्दल

चि. सोनूस,


बेचाळीस शाखांच्या एक्सेल फायली एकेक उघडून आकडे उतरवण्यात तुझी रोजची सकाळ जाते, असं तू फोनवर म्हणालीस. त्यासाठी मॅक्रो लिहायचं तुझ्या मनात आलं, हे फार बरं झालं. जरूर लिही.

एक्सेलच्या मॅक्रो रेकॉर्डरवर मात्र विसंबू नकोस. तो फाईलचं नाव जसंच्या तसं कोडमध्ये टाकतो. उद्या नाव बदललं की मॅक्रो अडला. त्यापेक्षा 'डिर' फंक्शन शिक. फोल्डरचा पत्ता दिलास की ते पहिल्या फाईलचं नाव सांगतं, मग काही न देता पुन्हा विचारलंस की पुढचं, आणि नावं संपली की रिकामं उत्तर. ते नुसतं नाव देतं. उघडताना फोल्डरचा पत्ता त्याच्या आधी आपण जोडायचा. नवशिके बहुधा इथेच अडतात.

प्रत्येक फाईल 'रीडओन्ली' उघड, आकडा घे, सेव्ह न करता बंद कर. सूचना मात्र सरसकट बंद करू नकोस. एका मार्चअखेरीस सारख्या येणाऱ्या सूचनांना कंटाळून मी 'डिस्प्लेअलर्ट्स' बंद केलं होतं. मॅक्रोने नवा तक्ता जुन्याच नावाने सेव्ह केला, एका शब्दानेही विचारलं नाही. फेब्रुवारीचा सगळा हिशोब मी व्हाउचरं काढून दोन रात्रींत पुन्हा भरला.

आता खरी काळजीची गोष्ट. 1999 च्या मार्चमध्ये 'मेलिसा' व्हायरस पसरला, तो वर्डच्या फाईलमधला मॅक्रोच होता. फाईल उघडली की तो आपोआप चालायचा आणि आउटलुकमधल्या पहिल्या 50 पत्त्यांवर स्वतःला पाठवायचा. आपण हाताने फाईल उघडतो तेव्हा एक्सेल मॅक्रोबद्दल सावध करतं. कोडमधून उघडताना मात्र 'ऑटोमेशनसिक्युरिटी' ही सेटिंग मुळातच सैल असते, म्हणजे शाखेकडून आलेल्या फाईलमधला मॅक्रो तुला न विचारता चालू शकतो. म्हणून फायली एकेक उघडणाऱ्या लूपच्या आधी ती 'फोर्सडिसेबल' कर, आणि शेवटी होती तशी परत ठेव. मध्येच चूक होऊन कोड थांबला तरी ती परत ठेवली जाईल, अशी सोय कर. ही ओळ घाईत गाळू नकोस, बाळा.

आधी तीन फायलींच्या प्रती वेगळ्या फोल्डरमध्ये घे आणि एफ8 दाबत एकेक ओळ चालवून बघ. अडलीस तर रविवारी सकाळी फोन कर. कोड समोर उघडून बस, आपण दोघं मिळून वाचू.

तुझा,
मामा