टेंडर भरण्याआधी फाईल बघा : माहिती अधिकार आणि आपला धंदा

या आठवड्याच्या व्हिडिओत माहिती अधिकाराचा अर्ज कसा भरायचा ते दाखवलंय. व्हिडिओत वेळ कमी पडतो, म्हणून उरलेलं इथे लिहितोय. धंद्याच्या चॅनलवर हा विषय कशाला, असं ज्यांना वाटतंय त्यांनी निदान कोंढाण्याचा भाग वाचून जावा.

कोंढाणे आपल्या कर्जत तालुक्यातलं, राजमाचीच्या पायथ्याचं गाव. लेण्यांमुळे ट्रेकर मंडळींना चांगलं माहीत. तिथे उल्हास नदीवर धरण बांधायचं कोकण पाटबंधारे विकास महामंडळाने ठरवलं. २०११ मध्ये धरणाची उंची वाढवली गेली आणि खर्च थोड्याच दिवसांत सुमारे ५६ कोटींवरून सव्वातीनशे कोटींच्या पुढे गेला.

आता आकडे लहान करून बघू. तुमच्या दुकानाचं फर्निचर करायला सुतार आला. ५६ हजारांचं कोटेशन दिलं आणि काम नीट सुरू व्हायच्या आत म्हणाला, सव्वातीन लाख होतील. तुम्ही काय विचाराल? काय वाढलं, माप कोणी घेतलं, हो कोणी म्हटलं. अंजली दमानिया यांनी साधारण हेच विचारलं, फक्त माहिती अधिकारात आणि कागद मागून. त्यातून खर्चवाढ चव्हाट्यावर आली, वनखात्याची मंजुरी नसताना काम चालू असल्याचं पुढे आलं, २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली आणि काम थांबलं. २०१६ मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने या प्रकरणात आरोपपत्र दाखल केलं. नंतर हे धरण नवी मुंबई परिसराच्या पाण्यासाठी सिडकोकडे द्यायचं ठरलं. कोण दोषी, कोण निर्दोष हे ठरवायचं काम कोर्टाचं, आपलं नाही.

यातली एक गोष्ट लोक सांगताना गाळतात. दमानियांची स्वतःची जमीनही त्या भागात होती, आणि त्यावरून त्यांच्यावर टीकाही झाली. मला मात्र त्यात वावगं वाटत नाही. माहिती मागणारा संत असावा अशी कायद्याची अट नाही. कलम ६(२) सांगतं की माहिती का हवी याचं कारण अर्जदाराला द्यावं लागत नाही. ज्याचं काही पणाला लागलंय तोच बारकाईने कागद वाचतो. तुमचा गाळा, तुमचं डिपॉझिट, तुमचं बिल अडकलेलं असेल तर तुमच्याइतकं नीट ती फाईल कोण वाचणार?

आता विश्वासाचं. माहिती अधिकारामुळे सरकारवरचा विश्वास वाढतो, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. कोंढाण्यात आधी उलटंच झालं. कागद बाहेर आले आणि लोकांचा विश्वास उडाला. राज्यभर सिंचनावर वादळ उठलं, सप्टेंबर २०१२ मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी राजीनामा दिला, नोव्हेंबरअखेर सरकारने सिंचनावर श्वेतपत्रिका काढली आणि डिसेंबरमध्ये ते पुन्हा पदावर आले. आरोप त्यांनी नाकारले होते. एवढं सगळं झाल्यावर लोक म्हणाले, ‘सगळे सारखेच.’ मला हे वाक्य धोक्याचं वाटतं, कारण जो सगळ्यांना सारखं समजतो तो प्रामाणिक कारकुनालाही पाकीट देऊ करतो.

किराणा दुकानात वजनकाट्याचा आकडा गिऱ्हाइकाकडे वळवलेला असतो ना, तेवढीच ही गोष्ट आहे. गिऱ्हाईक रोज आकडा वाचत नाही. पण दिसतो हे त्याला माहीत असतं, म्हणून तो निवांत असतो. काटा आतल्या बाजूला वळवला की पहिल्या दिवसापासून शंका. कलम ४ मध्ये हाच काटा आहे. प्रत्येक कार्यालयाने आपली रचना, अधिकाऱ्यांची कर्तव्यं, बजेट, सवलती-परवाने मिळालेल्यांची माहिती अशा १७ बाबी कोणी न मागता स्वतःहून जाहीर करायच्या आहेत. हे कलम सगळीकडे नीट पाळलं असतं तर निम्मे अर्ज करावेच लागले नसते. तुमच्या नगरपरिषदेची वेबसाइट उघडून या १७ बाबींची तारीख बघा. किती वर्षांपूर्वीची आहे त्यावरून बरंच कळतं.

थोडा इतिहास. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९०च्या दशकात मजुरांची हजेरीपत्रकं आणि बिलं गावासमोर वाचून दाखवली, तिथून ही मागणी देशभर गेली. महाराष्ट्राने केंद्राची वाट पाहिली नाही. अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर २००३ मध्ये राज्याचा स्वतःचा कायदा लागू झाला. केंद्राचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू झाला, तो आज आपण वापरतो.

आता कामाचं. समजा तुम्ही खोपोलीत रस्त्यालगत गाळा बघताय. मालक म्हणतो, ‘रुंदीकरण वगैरे काही नाही हो.’ त्याचं ऐका, पण विकास आराखड्याचा त्या सर्व्हे नंबरचा भाग आणि बांधकाम परवानगीची प्रत नगरपरिषदेकडून घ्या. लाखाचं डिपॉझिट देणार, तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प जड नाही. किंवा समजा तुम्ही शाळेला, दवाखान्याला, पंचायतीला माल दिला आणि बिल महिनोन्महिने अडकलंय. तेव्हा ‘बिल का दिलं नाही’ असं लिहू नका. ‘माझं अमुक तारखेचं बिल आवक झाल्यापासून आजपर्यंत कोणकोणत्या टेबलावर किती दिवस होतं, याच्या नोंदींची प्रत द्या’ असं लिहा. बऱ्याचदा उत्तर यायच्या आधी फाईल हलते. (उद्यम नोंदणी असलेल्या उत्पादकांसाठी आणि सेवा देणाऱ्यांसाठी ४५ दिवसांचा वेगळा कायदा आहे, त्यावर स्वतंत्र व्हिडिओ करतो.)

नव्वद टक्के लोक इथेच अडकतात, असं मी म्हणेन. अधिकाऱ्याने कागद द्यायचा असतो, मत नाही. ‘लिलाव पारदर्शक का झाला नाही?’ याला ‘सदर माहिती अभिलेखात उपलब्ध नाही’ असं उत्तर येतं आणि ते कायद्याने चूकही नसतं. त्याऐवजी लिलावाची जाहीर सूचना, बोलींचा तुलनात्मक तक्ता आणि मंजुरीचा ठराव, अशी कागदांची नावं आणि कालावधी लिहा. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे रामायण लिहायला जागाच नाही. तेच बरं.

मुदत ३० दिवस. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनी ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. झेरॉक्सचे पानाला दोन रुपये, पण मुदत उलटली तर माहिती मोफत द्यावी लागते, हे अनेकांना माहीत नसतं. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे पहिलं अपील. तिथेही नाही झालं तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. आपल्या रायगडचं काम नवी मुंबईतल्या कोकण खंडपीठाकडे जातं. आयोग अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजारांपर्यंत दंड करू शकतो. पण दुसऱ्या अपिलाला वेळ लागतो, फार वेळ लागतो. सीझन डोळ्यासमोर ठेवून धंदा करणाऱ्याने त्याच्या भरवशावर राहू नये. पहिल्या अर्जातच नेमकं मागा.

ऑनलाइन पोर्टलवर अर्ज करणाऱ्यांनी जिल्हा दोनदा तपासा. कर्जत तालुका अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातही आहे.

आता दुसरी बाजू. उद्या कोणी तुमच्या परवान्याची फाईल मागितली तर? घाबरू नका. तुम्ही गोपनीय म्हणून दिलेली माहिती असेल तर कलम ११ प्रमाणे अधिकाऱ्याने तुम्हाला नोटीस द्यायची, आणि हरकत घ्यायला तुम्हाला १० दिवस मिळतात. व्यापारी गुपितांना कलम ८(१)(डी) मध्ये संरक्षण आहे. कोणी ‘आरटीआय टाकतो’ म्हणून पैसे मागत असेल तर ती खंडणी आहे, सरळ पोलिसांकडे जा. कागद स्वच्छ असतील तर अशा माणसाच्या हातात काहीच उरत नाही.

वैयक्तिक माहितीबाबत नियम अलीकडे कडक झालेत. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने कलम ८(१)(जे) बदललं आणि नोव्हेंबर २०२५ पासून तो बदल लागू झाला. पूर्वी सार्वजनिक कामाशी संबंध असलेली वैयक्तिक माहिती या कलमाखाली अडवता येत नव्हती. आता ‘वैयक्तिक’ म्हटलं की नकार देणं सोपं झालंय. जनहिताचं कलम ८(२) अजून शाबूत आहे, पण ते भांडून मिळवावं लागेल. मला हा बदल आवडलेला नाही. गाळा कोणाला मिळाला हे नाव झाकून दिलं तर त्या कागदाचा उपयोग काय?

आणि हे सगळं बिनधोक आहे असंही मी सांगणार नाही. घाटापलीकडे तळेगाव दाभाड्यात जमीन व्यवहारांचे कागद बाहेर काढणाऱ्या सतीश शेट्टी यांचा जानेवारी २०१० मध्ये खून झाला. मोठ्या जमिनींच्या, मोठ्या ठेक्यांच्या प्रकरणात एकट्याने उतरू नका. व्यापारी संघटनेच्या चार-पाच जणांनी वेगवेगळे अर्ज करा, आणि मिळालेले कागद एकाच माणसाच्या कपाटात ठेवू नका.

अर्जही करायचा नसेल तर सोपा रस्ता आहे. २०१८च्या अखेरीस राज्य सरकारने परिपत्रक काढलं. त्याप्रमाणे जिल्हास्तरीय आणि त्याखालच्या कार्यालयांत, तसंच नगरपरिषदांसारख्या स्थानिक संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख बघता येतात. सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. जाताना वही, ओळखपत्र आणि फाईलचा विषय लिहिलेली चिठ्ठी न्या. कोणी ‘असं काही नसतं’ म्हणालं तर वाद घालू नका, शांतपणे परिपत्रकाची प्रत पुढे करा. फाईल हातात आली की आधी टिपणीची पानं वाचा. निर्णय तिथे झालेला असतो, बाकी सगळा पत्रव्यवहार. हव्या त्या पानांचे नंबर लिहून घ्या आणि अर्जात तेवढीच पानं मागा.